मैदानात शहाणे, रेसकोर्सवर भोळे! घोड्याचा फॉर्म वाचताना या चुका टाळा

पुसेगावच्या यात्रेतलं बैलगाडी शर्यतीचं मैदान असो की वाळव्यातल्या एखाद्या गावचं, आमच्याकडचा शौकीन माणूस "अमक्याचा बैल गट पास झाला" एवढ्यावर गप्प बसत नाही. लगेच विचारतो, कुठल्या गटात? शेजारच्या तासाला, म्हणजे पळायच्या पट्ट्यात, कोण होतं? जोडीला कुठला बैल होता? ड्रायव्हर कोण? मैदान वाळलेलं होतं की ओलं? ही उत्तरं मिळाल्याशिवाय त्या निकालाला तो चार आण्याची किंमत देत नाही. आणि हाच माणूस पावसाळ्यातल्या रविवारी पुण्याला रेसला गेला की रेसबुक उघडतो, घोड्याच्या नावापुढं मागच्या शर्यतींतले नंबर १-२-१ बघतो आणि म्हणतो, "हाच येणार."

साताऱ्याहून पुणं जेमतेम ११० किलोमीटर. तेवढ्यात एवढी अक्कल खंबाटकीच्या बोगद्यात कुठं सांडते, मला अजून कळलेलं नाही. माझीही सांडायची. पुण्याचा हंगाम तोंडावर आला की मित्र फोन करून "काय बघायचं असतं रे त्यात?" असं विचारतात, म्हणून खिशाला चाट लावून घेऊन कळलेल्या चुका इथं लिहितोय.

नुसता नंबर वाचणं

माझी पहिली मोठी फजिती हीच. एका घोड्याचे मागचे तीन निकाल १-१-१ होते. मी डोळे झाकून पैसे लावले, घोडा आठवा आला. घरी येऊन जुने निकाल काढले तेव्हा दिसलं की तिन्ही विजय सगळ्यात खालच्या वर्गातले होते. त्यातल्या दोन शर्यतींत त्याच्या मागं राहिलेले घोडे पुढं कधी पहिल्या तिनातही आले नव्हते. म्हणजे गावच्या मैदानात तीन वेळा पहिला आलेला बैल मी थेट पुसेगावच्या फायनलला उभा केला होता.

आपल्याकडे बहुतेक शर्यती हँडिकॅपच्या, म्हणजे चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादून बरोबरी साधणाऱ्या असतात. प्रत्येक घोड्याला रेटिंग मिळतं, आणि त्यावरून तो पाचव्या वर्गात धावणार की चौथ्या, तिसऱ्या, दुसऱ्या, पहिल्या, ते ठरतं. पाचवा सगळ्यात खालचा. जिंकला की रेटिंग चढतं, हरत राहिला की उतरतं. म्हणून वर्ग चढलेल्या घोड्याचा "१" आणि वर्ग उतरलेल्या घोड्याचा "६" शेजारी ठेवले तर बऱ्याचदा सहावाच भारी निघतो. तिसऱ्या वर्गात चार लेंथनी (एक लेंथ म्हणजे एका घोड्याची लांबी) सहावा आलेला घोडा आज चौथ्या वर्गात उतरलाय, ही बातमी आहे. नुसता "६" ही बातमी नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. आकड्यांच्या रांगेत ताजा निकाल कुठल्या टोकाला छापलाय ते आधी बघा. रेसबुकात खुणांचा खुलासा दिलेला असतो, तो कुणी वाचत नाही. मी एक अख्खा दिवस रांग उलटी वाचली होती.

हारही तशीच वाचावी लागते. अमेरिकेतला मॅन ओ' वॉर हा घोडा आयुष्यात २१ वेळा धावला आणि २० वेळा जिंकला. एकुलती एक हार झाली ऑगस्ट १९१९ मध्ये साराटोगाला, आणि ज्याच्याकडून हरला त्याचं नावच होतं अपसेट. निकालाच्या कागदावर फक्त "दुसरा". पण मॅन ओ' वॉरच्या पाठीवर १३० पौंड होते, अपसेटच्या ११५. त्यात सुरुवात बिघडली आणि पुढं तो इतर घोड्यांत कोंडला. त्या दिवशी ज्यानं फक्त "२" वाचला, त्यानं काहीच वाचलं नाही.

वजनाचा हिशेब टाळणं

आमच्याकडची मंडळी इथं सगळ्यात जास्त घसरतात, कारण बैलगाडीत हा प्रकारच नाही. रेसमध्ये चांगल्या घोड्याला जास्त वजन देतात, म्हणजे सगळ्यांना जिंकायची सारखी संधी मिळावी. जॉकी हलका असेल तर खोगिराखाली शिसं भरून वजन पुरं करतात. रेटिंगचा एक गुण म्हणजे साधारण अर्धा किलो.

आता एक हिशेब करून बघू. १६०० मीटरच्या शर्यतीत 'अ' घोडा ५२ किलोवर जिंकला. 'ब' ५६ किलोवर दीड लेंथनी दुसरा आला. जिंकल्यामुळं 'अ'चं रेटिंग सहा गुणांनी चढलं. महिन्यानं दोघं परत त्याच अंतरावर समोरासमोर आले. आता 'अ' ५५ किलोवर, 'ब' तसाच ५६ वर. म्हणजे 'अ'वर तीन किलो वाढले. मैलाच्या शर्यतीत एक किलो म्हणजे जवळपास एक लेंथ असा जुना ढोबळ ठोकताळा आहे. छोट्या अंतरावर वजनाचा परिणाम कमी होतो, लांब अंतरावर वाढतो. तीन किलोच्या तीन लेंथ, त्यातून मागच्या विजयातली दीड वजा केली, तर कागदावर आज 'ब' दीड लेंथनी पुढं. आणि पब्लिक मात्र मागच्या निकालावर 'अ'लाच फेवरिट करून बसलेलं असतं.

पण इथंच थांबलात तर दुसरी चूक. 'अ' मागच्या वेळी कसा जिंकला? जॉकी चाबूक मारून मारून घायकुतीला आला होता, की शेवटचे शंभर मीटर हात खाली ठेवून आरामात बसला होता? आरामात जिंकला असेल तर ती दीड लेंथ खोटी आहे. जोर लावला असता तर चार झाल्या असत्या. म्हणून जमेल तेव्हा जुन्या शर्यतीचा व्हिडिओ बघा, आणि बघताना जिंकणाऱ्याकडं नाही तर त्याच्या जॉकीच्या हातांकडं बघा.

शिकाऊ जॉकीला वजनात सवलत मिळते, तीही याच हिशेबात धरा. दोन-तीन किलो उतरले म्हणून खूश होण्याआधी तो पोरगा गर्दीतून घोडा काढू शकतो का, ते तपासा. आपण नाही का नवा ड्रायव्हर बघून नाक मुरडत?

पावसाकडं काणाडोळा

पुण्याचा हंगाम पावसातला, साधारण जुलै ते ऑक्टोबर. मुंबईचा हिवाळ्यातला, एप्रिलपर्यंत. म्हणजे महालक्ष्मीच्या कडक हिरवळीवर फेब्रुवारीत मिळवलेला नंबर घेऊन घोडा ऑगस्टात पुण्याच्या भिजलेल्या जमिनीवर येतो. आपल्या काळ्या रानात चिखल झाला की हलक्या पायाचा बैल मागं पडतो आणि दमदार बैल ओढून नेतो, हे आपल्याला शिकवायला लागत नाही. घोड्याचंही तसंच. काहींना ओली जमीन मानवते, काही तिच्यात पायच उचलत नाहीत.

ही ओल मोजायला पेनेट्रोमीटर वापरतात. ठरावीक उंचीवरून वजन सोडून सळई जमिनीत किती रुतते ते बघायचं. आकडा मोठा, तर जमीन मऊ. रेसच्या दिवशी तो जाहीर होतो. घोडा मागं जिंकला तेव्हा तो आकडा काय होता आणि आज काय आहे, एवढं जुळवून बघायला दोन मिनिटं लागतात. नुसत्या वेळेवर विसंबणाऱ्यांनी तर हे बघायलाच हवं. कोरड्या जमिनीवर १२०० मीटरला १ मिनिट ११ सेकंद आणि चिखलात १ मिनिट १४ सेकंद, यातली दुसरी धाव जास्त चांगली असू शकते.

अंतर आणि तास

१००० मीटरचा पळणारा आणि २००० मीटरचा पळणारा हे दोन वेगळे प्राणी समजा. नावात २००० असलं तरी इंडियन २००० गिनीज ही मोठी शर्यत १६०० मीटरची, डर्बी २४०० ची, आणि पुण्यात होणारी सेंट लेजर २८०० ची. तिन्ही जिंकणारा घोडा विरळाच, कारण वेग आणि दम एकाच अंगात क्वचित मावतात. घोडा शेवटच्या २०० मीटरला खुंटत असेल तर तो छोट्या अंतरावर उतरेपर्यंत थांबा. शेवटी जोरात येऊन तिसरा-चौथा होत असेल, तर अंतर वाढण्याची वाट बघा. अंतर बदललं की घोडा बदलला असं समजून नव्यानं विचार करायचा.

सुरुवातीचं गेट म्हणजे आपला तास. वळण जवळ असेल तर बाहेरच्या गेटवाल्याला जास्त फेर पडतो. सरळ पट्टा लांब असेल तर एवढं बिघडत नाही. त्यात हंगाम सरकतो तशी आतली हिरवळ तुडवली जाते आणि कठडा बाहेर सरकवतात, त्याला फॉल्स रेल म्हणतात. मग मागच्या महिन्याचा "आतला तास चांगला" हा ठोकताळा गळून पडतो.

शिळा फॉर्म

हंगामाच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मी हात आखडता ठेवतो. बरेच घोडे तीन महिने पळालेले नसतात. या काळात जुन्या नंबरापेक्षा सकाळच्या सरावाच्या वेळा आणि मॉक रेस, म्हणजे सरावाच्या लुटुपुटीच्या शर्यती, जास्त बोलतात. तिथंही फसगत आहेच. ६०० मीटर ३८ सेकंदांत, असं वाचून उडी मारू नका. सोबत "मोकळा पळाला" की "दामटला" हे लिहिलेलं असतं, ते बघा.

तीन वर्षांच्या घोड्यांबाबत तर सहा महिन्यांपूर्वीचा फॉर्म जवळजवळ निरुपयोगी. आदत (दुधाच्या दातांचा) खोंड दुसा (दोन पक्के दात आलेला) होईपर्यंत किती बदलतो ते आठवा.

पॅडॉकमध्ये भुलणं

खटाव तालुक्यातले एक आबा मागच्या वर्षी आमच्यासोबत आले होते. तीन पिढ्या बैल सांभाळणारं घर. शर्यतीआधी घोडे गोल फिरवतात तिथं आम्ही सगळे एका चकचकीत काळ्या घोड्यावर लट्टू झालो होतो. आबा म्हणाले, "आरं, त्यो सात नंबर बघ. मागचा डावा पाय आखडता टाकतोय." आम्हाला काहीच दिसेना. सात नंबर मधेच कुठंतरी राहिला, ना पहिल्यांत ना शेवटच्यांत. आबा एवढंच म्हणाले, "बैल आसता तर म्या दाव्याला बांधून ठिवला आसता." काळा शेवटून दुसरा आला.

तेव्हापासून मी चकाकी बघत नाही, चाल बघतो. मागचा पाय पुढच्याच्या ठशावर किंवा त्याच्याही पुढं पडतो का, मान सैल आहे का, हे बघतो. मागच्या पायांमध्ये पांढरा फेस धरला असेल तर घोडा धावायच्या आधीच शक्ती जाळतोय असं समजा. पण उकाड्याच्या दिवशी सगळेच घामेजलेले असतील तर त्यावरून काही ठरवू नका. घोड्याची तुलना शेजारच्या घोड्याशी नाही, त्याच्याच मागच्या खेपेशी करायची. त्यासाठी त्याला आधी एकदा तरी बघितलेलं असावं लागतं.

भाव न बघता लावणं

फेवरिट जगभरात ढोबळमानानं तीनातला एकच जिंकतो. दोनचा भाव म्हणजे शंभराला दोनशे नफा, म्हणजे घोडा तीनदा पळाला तर एकदा जिंकेल असं बाजार म्हणतोय. तुमच्या अभ्यासाप्रमाणं तो दोनदा पळाला तर एकदा जिंकणार असेल, तरच तिथं पैसा लावायला अर्थ आहे. त्यात कर आहे. लावलेल्या पूर्ण रकमेवर आधी २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. एवढं ओझं घेऊन सातही शर्यतींवर लावणारा माणूस पाठीवर ७० किलो घेऊन पळणाऱ्या घोड्यासारखा आहे. दिवसात दोन शर्यती निवडा, बाकीच्या बघा. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या "आतल्या बातमी"बद्दल न बोललेलं बरं. ती आपल्यापर्यंत पोचेस्तोवर फलटणच्या बसस्टँडवरही पोचलेली असते.

तरीही अंदाज चुकतोय?

मग वही घाला. घोडा, वर्ग, अंतर, वजन, जमीन, गेट आणि हरण्याचं कारण, एवढंच. महिन्याभरात आपली खोड आपल्यालाच दिसते. निवडलेले घोडे सारखे दुसरे-तिसरे येत असतील तर वाचन बरोबर आहे, वजनाचा हिशेब कच्चा आहे. पुढं राहून शेवटी मरत असतील तर तुम्ही अंतर चुकताय. आणि सारखे मधोमध येत असतील तर बहुधा वर्ग बघितलेला नाही.

माझ्या वहीतली मागच्या हंगामातली एक नोंद अशी: "१४०० मीटर, ओली जमीन, गेट ९. २०० राहिले असताना दोघांच्या मधे अडकला. मोकळा झाला तेव्हा रेस संपली होती. पुढच्या वेळी सोडायचा नाही." तीन आठवड्यांनी तोच घोडा, तेच अंतर, गेट ३, वजनही किलोभर कमी. मी शिरवळपासूनच खुशीत होतो. घोडा मोकळ्या रस्त्यानं धावला, कुठं अडकला नाही, आणि पाचवा आला. आठवडाभर पावसानं उघडीप दिली होती, जमीन खणखणीत वाळली होती, आणि माझ्याच अक्षरातला "ओली" हा शब्द मी वाचलाच नव्हता.