स्टाटामध्ये वेळ मिनिटभर सरकत होती, तेव्हा

स्टाटा या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर म्हणून आलेली तारीख-वेळ मी ‘क्लॉक’ फंक्शनने आकड्यात बदलून घेतली, ती तारीख-वेळेसारखी दिसावी म्हणून ‘%टीसी’ फॉरमॅट लावला. तारखा बरोबर, वेळा मात्र कुठे अर्धा मिनिट पुढे, कुठे मिनिटभर मागे. संशय आधी फॉरमॅटवर जातो, पण तो बिचारा आकडा फक्त दाखवतो, बदलत नाही.

गोम साठवणुकीत होती. स्टाटा ही वेळ १ जानेवारी १९६० पासूनच्या मिलिसेकंदांत मोजतो, म्हणजे हल्लीची कुठलीही नोंद तेरा अंकी. नवा व्हेरिएबल बनवणाऱ्या ‘जनरेट’ कमांडला साठवणुकीचा प्रकार सांगितला नाही तर व्हेरिएबल ‘फ्लोट’ या कमी अचूक प्रकारचा होतो आणि १,६७,७७,२१६ च्या पुढचे सगळेच पूर्णांक फ्लोटमध्ये नेमके बसतात असं नाही. सध्याच्या तारखांना फ्लोटची पायरी, म्हणजे लगतच्या दोन आकड्यांमधलं अंतर, तब्बल १,३१,०७२ मिलिसेकंदांची, म्हणजे दोन मिनिटांहून जास्त! मधली वेळ जवळच्या पायरीवर ढकलली जाते, तीही मुकाट्याने, एररशिवाय.

उपाय एका शब्दाचा: ‘जनरेट डबल’, म्हणजे जास्त अचूक ‘डबल’ प्रकार. बिघडलेला व्हेरिएबल नंतर ‘रीकास्ट’ करून, म्हणजे त्याचा प्रकार बदलून, गेलेले सेकंद परत येत नाहीत. मूळ मजकुरातूनच तो नव्याने बनवावा लागतो. नुसती तारीख हवी असेल तर मिलिसेकंदांचे दिवस करणारं ‘डीओएफसी’ फंक्शन आणि तारखेचा ‘%टीडी’ फॉरमॅट. दिवसांचा आकडा लहान असतो, तिथे फ्लोटही पुरतो.