सांगलीच्या गच्चीवर सोलर बसवण्याआधी युनिटचा अंदाज कसा काढायचा

वर्षाला किती युनिट मिळतील, हे विक्रेत्याला विचारण्याआधी स्वतः काढून ठेवा. पीव्हीवॉट्स (PVWatts) आणि युरोपियन कमिशनचं पीव्हीजीआयएस (PVGIS) ही सोलरच्या उत्पादनाचा अंदाज काढणारी दोन्ही साधनं ब्राउझरमध्ये फुकट चालतात. जागा म्हणून सांगलीचे १६.८५ उत्तर, ७४.५८ पूर्व हे अक्षांश-रेखांश टाका, किंवा नकाशावर आपलं घर निवडा.

क्षमतेच्या रकान्यात इन्व्हर्टरचे नव्हे, पॅनलचे किलोवॉट लिहायचे. ५४० वॉटची ६ पॅनल म्हणजे ३.२४. पॅनलचा कल (आडव्या पातळीशी कोन) १७ अंशांच्या आसपास ठेवा. पॅनल स्टँडवर उभी असतील तर पीव्हीवॉट्समध्ये ‘ओपन रॅक’ निवडा, पत्र्याला चिकटून असतील तर ‘रूफ माउंट’. पत्र्यावर खालून वारा खेळत नाही, पॅनल जास्त तापतं. बऱ्याच मोनोक्रिस्टलाइन पॅनलचं उत्पादन २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.३५ टक्के घटतं. एप्रिलच्या दुपारी पॅनल ६५ अंशांवर गेलं, तर १४ टक्के तिथेच गेले.

सर्वांत जास्त फसगत होते ती दिशेच्या आकड्यात. पीव्हीवॉट्समध्ये दक्षिण म्हणजे १८०, पीव्हीजीआयएसमध्ये दक्षिण म्हणजे ०. एकाचा आकडा दुसऱ्यात टाकला की पॅनल उत्तरेकडे वळतं, आणि सॉफ्टवेअर काही तक्रार करत नाही. म्हणून महिन्यांचा तक्ता बघा. डिसेंबर जुलैहूनही खाली दिसला तर दिशा चुकली आहे. गच्चीची दिशा उपग्रह नकाशावरून घ्या. लोखंडी स्टँडजवळ मोबाइलचं होकायंत्र भरकटतं.

पीव्हीवॉट्स धूळ, सावली, वायरी वगैरेंपायी आधीच धरून ठेवतं ती घट १४.०८ टक्के आहे. त्यात धुळीसाठी फक्त २ टक्के धरलेत. आपल्याकडे गाळप हंगामात कारखान्याची राख आणि पाचट जाळल्याची काजळी बसते, आणि तेव्हा धुऊन काढायला पाऊसही नसतो. पॅनल पुसायला माणूस नसेल तर धूळ ५ टक्के धरा, वर्षाचं उत्पादन सुमारे ३ टक्क्यांनी उतरेल. महिन्यागणिक वेगळी धूळ भरायची असेल तर सॅम (SAM) हे सोलरचा हिशेब करणारं मोफत सॉफ्टवेअर संगणकावर घ्या.

सावलीसाठीही सॅमच बरं, त्यात टाकी आणि कठड्याचं त्रिमितीय चित्र उभं करता येतं. २१ डिसेंबरला सांगलीत भर दुपारी सूर्य जेमतेम ५० अंशांवर असतो. पॅनलच्या खालच्या कडेपेक्षा १ मीटर उंच असलेल्या दक्षिणेच्या कठड्याची सावली तेव्हा ८५ सेंटिमीटर पडते, सकाळी त्याहून लांब. एकाच साखळीत (सिरीजमध्ये) जोडलेल्या पॅनलवर पट्टीभर सावलीसुद्धा तिच्या क्षेत्रफळाच्या मानाने कितीतरी जास्त वीज खाते. सॅममध्ये सावली काढली असेल तर घटीतले सावलीचे ३ टक्के शून्य करा, नाहीतर ती दोनदा मोजली जाईल.

आता आकडा तपासा. सावली नसलेल्या गच्चीवर किलोवॉटमागे दिवसाला सरासरी ४ युनिटांच्या आसपास यायला हवं. ५.५ दिसलं तर घट भरायची राहिली असेल. सोलर सुरू झाल्यावर इन्व्हर्टरच्या ॲपमधला फेब्रुवारी-मार्चचा आकडा अंदाजातल्या त्याच महिन्यांच्या आकड्याशी ताडा. पावसाळ्यातला फरक ढगांचा असू शकतो, तेवढ्यावरून पॅनलला दोष देऊ नका.