भ्या खरं का उगंच? कसं ओळखायचं

सापाला भेता म्हणून कोणी हसायलेत तर हसू द्या. शेतीची लाईट रात्रीची आली की अंधारात दारं धरायला जावंच लागतं आणि नाग, घोणस, मण्यार, फुरसं हे चारही विषारी साप आपल्याकडं आहेत, तिथं भ्या नाही वाटलं तर त्या माणसाचंच काहीतरी चुकतंय. त्यामुळं भ्या किती वाटतं हे मोजत बसू नका, काळजी घेतल्यावर ते कमी होतं का एवढं बघा.

मण्यारीचंच घ्या. ती रात्रीची फिरते, खाली झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते, आणि चावली तरी बऱ्याचदा धड दुखत नाही का सुजत नाही, नंतर पोटात दुखायला लागतं, पापण्या जड होतात तेव्हा कुठं शंका येते. म्हणून आखाड्यावर बाजेवर झोपायचं, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचायची, गमबूट झटकून घालायचे, बॅटरी घेतल्याशिवाय बांधावर पाय टाकायचा नाही. हे सगळं करून माणूस गपगार झोपला आणि सकाळी कामाला लागला तर ती सावधगिरी.

आता दुसरं बघा. संभाजीनगरात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, तिथं साप येणार कुठून, पण मोबाईलवर सापाचा फोटो दिसला की छातीत धडधड, हातातून फोन खाली, बाथरूमला जायच्या आधी बादली उलटी करून बघायची, बघितली तरी परत बघायची, आणि गावाकडची जत्रा, लग्नं सगळं बंद. उगंच आहे हे त्या माणसालाही कळत असतं बरं का, तरी जमत नाही. असं सहा महिने किंवा जास्त चाललं आणि त्यापायी कामधंदा, येणंजाणं अडायला लागलं की डॉक्टर त्याला फोबिया म्हणतात.

अजून एक करा, त्यातल्या माहितगार माणसाकडं बघा. सर्पमित्रसुद्धा बूट घालून, स्टिक घेऊनच जातो, म्हणजे बूट घालणारा भित्रा नसतो. रात्रीच्या शेवटच्या एसटीनं उतरून सुनसान रस्त्यानं एकटीनं जायला नको म्हणणाऱ्या पोरीला 'लई भितेस बाई' म्हणणारे बहुतेक स्वतः त्या रस्त्यानं पोरगी म्हणून कधी चाललेले नसतात, त्यांचं ऐकू नका.

भूकंपाचं जरा अवघड आहे. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीला दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर पडल्या, नंतर लोक घराबाहेर झोपले ते बरोबरच होतं, धक्के चालूच होते ना. हिंगोलीकडं 10 जुलै 2024 ला 4.5 चा धक्का बसला, तिकडं भिंतीच्या भेगा बघणं, डोक्यावरच्या फळीवरून जड पेट्या खाली काढणं हे शहाणपणाचं. पण ढिगाऱ्याखालून निघालेला माणूस आजही ट्रक गेला की दचकत असेल तर त्याला फोबियाचा शिक्का मारू नका, तो मनावर बसलेला आघात आहे, त्याचा इलाज वेगळा असतो.

फोबियाला इलाज आहे आणि चांगला लागू पडतो. टाळत गेलं की भ्या वाढतं, म्हणून उलटं जायचं, पण हळूहळू: आधी सापाचं नुसतं चित्र, मग फोटो, मग व्हिडिओ, मग लांबून काचेमागचा साप, प्रत्येक पायरीवर धडधड उतरेपर्यंत थांबायचं. जास्तच त्रास असेल तर हे तज्ज्ञाबरोबर करा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा 14416 नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि घरातल्यांनी 'भ्या मोडायचं' म्हणून त्याच्या अंगावर प्लास्टिकचा साप टाकायचा नाही, तो इलाज नाही, निव्वळ चावटपणा आहे, अन् त्यानं भ्या आणखीच घट्ट बसतं.