वेगवेगळ्या पीसींवर एकच इमेज टाकताना नेटवर्क सेटिंग कशी सांभाळायची

ठाण्यात वागळे इस्टेटला एका क्लासच्या लॅबमध्ये मी पहिल्यांदा एकच विंडोज इमेज (एका तयार पीसीच्या डिस्कची कॉपी) सगळीकडे मारली, तेव्हा काही पीसींवर इंटेलचं लॅनकार्ड होतं, काहींवर रिअलटेकचं, आणि मास्टरवर (ज्या पीसीवरून इमेज काढली त्यावर) मी आयपी (पीसीचा नेटवर्कमधला पत्ता), डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा सर्व्हर) सगळं हाताने भरून ठेवलेलं. इंटेलवाले सगळे एकच आयपी घेऊन एकमेकांशी भांडायला लागले आणि रिअलटेकवाल्यांनी माझी सेटिंग पार विसरून टाकली. कारण विंडोज आयपी ठेवतं तो त्या कार्डाच्या आयडीखाली, रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात). कार्ड बदललं की खातं नवीन, कोरं.

म्हणून मास्टरवर आयपी भरूच नका, ऑटोमॅटिक राहू द्या. प्रत्येक पीसीवर 'गेटमॅक' कमांड चालवून मॅक अ‍ॅड्रेस (लॅनकार्डाचा स्वतःचा नंबर) लिहून घ्या आणि राउटर किंवा डीएचसीपी (आपोआप आयपी वाटणाऱ्या) सर्व्हरमध्ये त्या मॅकसाठी आयपी रिझर्व्ह करा. हे काम कंटाळवाणं आहे पण एकदाच करायचंय, नंतर इमेज दहा वेळा टाका, आयपी तोच येतो.

मग ड्रायव्हर. लॅबमधल्या सगळ्या लॅनकार्डांचे ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये जमवून 'पीएनपीयुटिल' या विंडोजच्या कमांडने मास्टरमध्ये आधीच घाला, नाहीतर नेटच नाही आणि ड्रायव्हर डाउनलोड करायला नेट पाहिजे अशी पंचाईत होते. नंतर 'सिसप्रेप' (विंडोजमधून त्या पीसीची खास ओळख पुसणारं टूल) जनरलाइज टिक करून चालवा, शटडाउन होऊ द्या आणि मगच इमेज काढा. ही पायरी प्लीज गाळू नका.

एखाद्या सॉफ्टवेअरला फिक्स आयपी लागतोच, तर मॅक आणि आयपीची सीएसव्ही (साध्या तक्त्याची फाइल) बनवा आणि पॉवरशेल स्क्रिप्टला मॅकवरून कार्ड शोधायला लावा. 'इथरनेट' या नावावर अजिबात विसंबू नका, कुठे ते 'इथरनेट 2' होतं, कुठे 3. स्क्रिप्ट 'सेटअपकम्प्लीट' (विंडोज सेटअप संपल्यावर चालणाऱ्या) फाइलमधून आपोआप चालते, फक्त ओईएम की (पीसीसोबत कंपनीने दिलेली लायसन्स की) असलेल्या होम-प्रो विंडोजवर ती फाइल चालत नाही, तिथे स्क्रिप्ट हातानेच चालवायची.

जुनी हार्डडिस्क नुसती दुसऱ्या पीसीत लावली असेल तर आयपी भरताना विंडोज म्हणतं की हा आयपी आधीच दुसऱ्या अ‍ॅडॅप्टरला दिलाय, आणि तो अ‍ॅडॅप्टर तर समोर दिसतच नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये व्ह्यू, शो हिडन डिव्हायसेस करा, फिक्या रंगाचं जुनं कार्ड दिसेल, ते अनइन्स्टॉल करा.

उबंटूवाल्यांनी नेटप्लॅनमध्ये (उबंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या फाइलमध्ये) कार्डाच्या नावाऐवजी त्या-त्या पीसीच्या मॅकने मॅच करावं, आणि इमेज काढण्याआधी 'मशीन-आयडी' (त्या पीसीच्या ओळखीची) फाइल रिकामी करावी (डिलीट नाही, रिकामी), नाहीतर क्लोन झालेल्या पीसींना डीएचसीपीकडून सारखाच आयपी मिळू शकतो.

सगळ्या लॅबवर टाकण्याआधी प्रत्येक प्रकारच्या कार्डाचा एकेक पीसी घेऊन ट्राय करा, दोनदा रीस्टार्ट करून 'आयपीकॉन्फिग ऑल' बघा, आयपी, गेटवे (नेटवर्कबाहेर जायचा रस्ता, म्हणजे बहुतेक राउटर), डीएनएस तिन्ही बरोबर आले की मग बाकीचे घ्या.