कार्यालयातील वाद आणि कामातील कुचराई: कार्यासन प्रमुखांनी काय करावे

सरकारी कार्यालयातील कार्यासनात, म्हणजे एका शाखेत, दोन कर्मचाऱ्यांचे पटेनासे झाले की त्यांची टेबले बदलून मोकळे व्हावे, असा मोह होतो. तसे करण्यापूर्वी दोघांचे म्हणणे स्वतंत्रपणे ऐकावे आणि प्रलंबित प्रकरणांची नोंदवही समोर ठेवावी, कारण पुष्कळदा भांडण स्वभावाचे नसून कामाच्या वाटपाचे असते. बेलापूरच्या एखाद्या कार्यालयात टिटवाळ्याहून ठाण्याला गाडी बदलून येणारा लिपिक रोज उशिरा पोहोचतो आणि तोवर खिडकीवरची गर्दी शेजारची सहकारी महिलाच सांभाळते, अशी स्थिती असेल तर तिची तक्रार रास्त आहे. अशा वेळी केवळ तोंडी समज देऊन भागत नाही. कोणते काम कोणाचे आणि रजेच्या दिवशी ते कोणी पाहायचे, हे कार्यवाटपाच्या लेखी आदेशात आले पाहिजे.

लैंगिक छळाची तक्रार मात्र आपापसांत मिटवण्याची बाब नव्हे. 2013 च्या कायद्यानुसार ती अशा तक्रारींसाठी कार्यालयात नेमलेल्या अंतर्गत समितीकडेच गेली पाहिजे, आणि ती लेखी देण्यासाठी साधारणपणे तीन महिन्यांची मुदत असते, हे तक्रारदार महिलेला त्याच दिवशी सांगावे.

कामात कुचराई दिसली तर वर्षअखेरीची वाट पाहू नये. एप्रिल ते मार्च या वर्षाचा कार्यमूल्यमापन अहवाल लिहिताना प्रथमच नाराजी व्यक्त करणे मला अन्यायाचे वाटते. ज्याला आपली चूक कळलीच नाही, त्याने ती सुधारायची कशी? दर महिन्याला दप्तर तपासावे, नेमके कोणते प्रकरण कोठे अडले ते विचारावे, मुदत ठरवून द्यावी आणि त्याची तारखेसह टिपणी ठेवावी. सुधारणा झाली, तर तीही तितक्याच आवर्जून नोंदवावी. अहवालातील प्रत्येक शेरा, अगदी 'चांगला' हासुद्धा, कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये देव दत्त प्रकरणात स्पष्ट केले आहे.

एवढे करूनही फरक पडला नाही, तर ज्ञापन, म्हणजे लेखी नोटीस, देऊन खुलासा मागवावा. ज्ञापनात 'कामात हयगय' असे मोघम न लिहिता प्रकरणाचा क्रमांक आणि झालेला विलंब लिहावा. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 नुसार ठपका ठेवणे हीसुद्धा शिक्षाच आहे, त्यामुळे बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय ती देता येत नाही. बडतर्फीसारख्या जबर शिक्षेसाठी तर नियम 8 प्रमाणे विभागीय चौकशी करावी लागते, आणि तेथे वर्षभराच्या तारीखवार टिपण्याच कामी येतात.