जुन्या लॅपटॉपचं मॉडेल शोधा, मग स्क्रीन दुरुस्त करा

जुन्या लॅपटॉपवर विंडोज नव्याने टाकलं की अक्षरं फुगलेली, चित्रं ताणलेली दिसतात. लगेच स्क्रीन बदलायला धावू नका! बहुतेक वेळा ग्राफिक्सचा ड्रायव्हर (विंडोजला चित्र दाखवणारी चिप चालवू देणारा छोटा प्रोग्रॅम) नसतो, एवढंच.

स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्सखाली 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर' दिसलं, तर दुखणं तिथेच आहे. आधी विंडोज अपडेट चालवून पाहा, पुष्कळदा तेवढ्यावर भागतं.

नाही भागलं, तर नेमकं मॉडेल हवं. झाकणावर फक्त मालिकेचं नाव असतं आणि एकाच नावाखाली वेगवेगळ्या ग्राफिक्स चिपची मशिनं निघालेली असतात, म्हणून त्यावर विसंबू नका. लॅपटॉप उलटा करून लेबल वाचा: डेलवर ७ अक्षर-अंकांचा सर्व्हिस टॅग, एचपीवर प्रॉडक्ट नंबर. लेबल पुसलं असेल, तर स्टार्टमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' शोधा. तिथे 'सिस्टिम मॉडेल'ची ओळ असते. (बॅटरी निघत असेल तर तिच्या खालीही बघा, कधीकधी लेबल तिथे असतं. आधी चार्जर काढा.)

मिळालेला नंबर किंवा मॉडेल टाकून ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीच्या सपोर्ट पानावरूनच घ्या. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' म्हणणाऱ्या फुकट प्रोग्रॅमना मी मशिनला हात लावू देत नाही.

रीस्टार्ट केल्यावर डिस्प्ले सेटिंग्जमध्ये 'रेकमेंडेड' लिहिलेलं रिझोल्यूशन (स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या ठिपक्यांची संख्या) निवडा. जुन्या १५.६ इंची स्क्रीनवर ते बहुधा १३६६ × ७६८ असतं. अक्षरं बारीक वाटली, तर रिझोल्यूशन कमी न करता स्केल १२५ टक्के करा.