जुन्या गाडीचा लोअर आर्म घरी कसा बदलावा

खड्ड्यात पुढून खडखड येते, ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते, टायर एकाच कडेने झिजतो. अशा वेळी आधी लोअर आर्म, म्हणजे पुढच्या चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा, तपासा. चाक उचलून वर-खाली धरून हलवा, पहारीने आर्मला हलका रेटा द्या. बुशचं (आर्मच्या आतल्या टोकाच्या जोडाचं) रबर फाटलेलं किंवा बॉल जॉइंट (चाकाकडच्या टोकाचा फिरता जोड) ढिला दिसला, तर बुश आणि जॉइंटसकट अख्खा आर्म घ्या. घरी प्रेस (बुश दाबून बसवायचं यंत्र) नसताना नुसते बुश ठोकत बसू नये. शक्यतो दोन्ही बाजूंचे आर्म बदला.

गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारा. दुसऱ्या दिवशी गाडी सपाट, टणक जमिनीवर लावून हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना ठोकळे लावा. चाकाचे नट गाडी उचलण्याआधीच सैल करा. उचलल्यावर मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी जॅक स्टँड द्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शरीराचा कुठलाही भाग जाऊ देऊ नका.

चाक काढा. लिंक रॉड (वळणात गाडी कलू न देणाऱ्या बारची छोटी दांडी) आर्मलाच जोडलेला असेल तर तो सोडवा, मग बॉल जॉइंट, शेवटी आतले, म्हणजे बुशचे बोल्ट. जॉइंट सुटल्यावर नकल (ज्यावर चाक बसतं तो भाग) बाहेर लोंबकळू देऊ नका, तारेने बांधा. नाहीतर ब्रेकचा होज ताणला जातो आणि चाक फिरवणारा ड्राइव्ह शाफ्टही निसटू शकतो.

नवा आर्म बसवताना सगळे बोल्ट आधी हाताने फिरवा. लॉकनट नवेच वापरा. बॉल जॉइंट पूर्ण आवळा, बुशचे बोल्ट मात्र नुसते टेकवून ठेवा.

इथे घाई केली तर नवा पार्टही लवकर जातो. बुशचं रबर आतल्या-बाहेरच्या नळ्यांना चिकटलेलं असतं. ते फिरत नाही, फक्त पिळलं जातं. चाक लटकत असताना बोल्ट आवळला, तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि फाटतं. म्हणून स्टँड तसाच ठेवून आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली जॅक लावा आणि गाडी स्टँडवरून जेमतेम सुटू लागेपर्यंत वर घ्या. त्या स्थितीत मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क पान्याने (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) बोल्ट आवळा.

शॉकअपही गेले असतील तर स्ट्रटचा (शॉकअप आणि स्प्रिंगच्या एकत्र जोडाचा) वरचा मधला नट घरी उघडू नका. दाबलेली स्प्रिंग उसळली तर जीवावर बेतू शकतं. ते काम गॅरेजलाच द्या.

चाक लावून गाडी खाली घ्या, नट आवळा आणि लगेच अलाइनमेंट करून आणा. ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर चाकाचे नट पुन्हा तपासा.